माळशेजच्या चढावरची पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी पाहायची तर चढाला लागलेली पाहावी. दक्षिण मुंबईतल्या विंटेज मेळाव्यांत रोल्स-रॉइस, ब्युइक, पॅकार्ड रांगेत उभ्या असतात आणि माणसं त्यांच्याभोवती फिरतात. त्या गाड्यांना ते शोभतं. संस्थानिकांनी त्या घेतल्या तेव्हाही लोकांनी पाहावं हा हेतू त्यात होताच. आमच्या उपनगरांतल्या फियाटवाल्यांची रविवारची सहल मात्र रस्त्यावरच रंगते. हिवाळ्यात पहाटे मुलुंड-घाटकोपरकडच्या गाड्या ठाण्यावरून निघतात, बोरिवली-अंधेरीकडच्या घोडबंदर रोडने येतात. कल्याण मागे पडलं की रांग जमते, मुरबाडला चहा-मिसळ होते आणि टोकावडे ओलांडून सगळे माळशेज घाटाच्या पायथ्याशी पोचतात. युरोपातले जुन्या कॅम्परव्हॅनचे मालक शनिवार-रविवारी माळरानावर जमतात आणि गाडीतच झोपतात. आपल्याकडे घर सोबत नेण्याचं ते काम टपावरच्या कॅरिअरने केलं. होल्डॉल, स्टोव्ह, पाण्याचं पिंप असा सगळा संसार त्यावर दोरीने आवळून मध्यमवर्गीय कुटुंबं याच रस्त्यांनी गावी गेली.

पद्मिनीचं घराणं इटालियन. फियाट ११०० ही १९५३ सालची, दान्ते जाकोसा या इंजिनियरच्या हातची. आपल्याकडे आधी 'एलिगंट' आणि 'सिलेक्ट' आल्या. त्या सुरुवातीच्या गाड्यांतली, पुढे आलेल्या नाकाडामुळे 'डुक्कर फियाट' म्हणूनच ओळखली जाणारी, आजही एखादी रांगेत असते आणि तिची उलटी उघडणारी पुढची दारं पाहायला गावातली पोरं जमतात. साठच्या दशकात ११००डी म्हणजे 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तिलाच 'पद्मिनी' हे चितोडच्या राणीचं नाव मिळालं. सांगाडा तोच राहिला. इटलीतल्या ११००डीचं इंजिन मोठं झालं होतं, आपल्याकडे मात्र १०८९ सीसीचंच चालू राहिलं. लायसन्स-परमिटच्या काळात बदलायची घाई नव्हती आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं. या न बदलण्यावर टीका खूप झाली, आणि ती रास्तच आहे. पण रेषेच्या दृष्टीने पाहिलं तर १९७० नंतरच्या चौकोनी, बोजड फॅशनपासून ही गाडी त्यामुळेच वाचली.

ती रेषा नीट पाहा. बॉनेटच्या कडेवरून निघालेली घडी दारांवरून सरळ मागे जाते आणि डिकीपाशी जरा वर उचलते. अमेरिकन गाड्यांना त्या काळात जे भलेमोठे पंख फुटले होते, त्यांचा इथे नुसता इशारा आहे, आणि या छोट्या पंखांच्या टोकाला मागचे दिवे उभे बसवलेत. याहून एक इंच जास्त असता तर थाट वाटला असता. काचा उंच, खांब बारीक. आजच्या गाडीत खांबामागे अख्खी मोटरसायकल लपते, इथे चारी बाजूंचं शेत दिसत राहतं. बैठकही उंच. नऊवारीतली आजी न वाकता आत बसते आणि कुणाचा हात न धरता उतरते. पावणेचार-चार मीटरच्या आसपासच्या गाडीत एवढी ऐसपैस जागा काढणं हे जाकोसाचं खरं कसब.

पुढच्या दाराला त्रिकोणी काच आहे. ती पूर्ण फिरवली की वारा वळून थेट छातीवर येतो, एसीची आठवणही होत नाही. पुढचं सीट सलग बाकासारखं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्यामुळे पुढे तिघं बसतात, मधलं मूल ड्रायव्हरच्या कोपराला चिकटून. उत्तरार्धातल्या मॉडेलमध्ये गिअर खाली आला, सीटं वेगळी झाली. ती गाडी चालवायला सोपी, पण माझ्या लेखी तिथे पद्मिनीचा अर्धा स्वभाव गेला. त्या बाकावर बसण्यात एक जवळीक होती. गाडी वळली की तिघंही एकदम एका बाजूला कलत.

घाटात या गाडीचा कस लागतो. चौथा, तिसरा, मग पहिल्या मोठ्या वळणाच्या आधी दुसरा. इंजिनचा आवाज भरत जातो, पण किंचाळत नाही. जाणकार माणूस काट्याकडे बघत नाही, आवाज ऐकून गिअर टाकतो. पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला, म्हणून चढावर उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गचके खात थांबते. याला सगळे व्हेपर लॉक म्हणतात. औषध एकच. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं दरी बघायची. एक थांबली की मागच्या सगळ्या थांबतात, पाण्याच्या बाटल्या निघतात, कुणाच्या डब्यातले धपाटे फिरतात. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने यायचं, कारण चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तापले की पेडल दाबूनही धरत नाहीत. ही शिस्त पुस्तकात नाही, बापाकडून मुलाकडे आली आहे.

अशा मेळाव्यात रंगाची चकाकी पाहून दाद देणारे पुष्कळ असतात. मी आधी दाराखालची पट्टी पाहतो. तिथे चुंबक धरला आणि चिकटला नाही, तर आत पत्रा नाही, लांबी भरली आहे. चकचकीत गाडीत हे हमखास सापडतं. याउलट जिच्या पत्र्याला सडका भाग कापून नवा तुकडा जोडलाय, जिचा रंग चाळीस वर्षांत एका बाजूने उन्हाने फिकटलाय, जिच्या मागच्या पाट्यांतलं एक पान बदललेलं ओळखू येतं, ती गाडी मला श्रेष्ठ वाटते. तिच्यात कुर्ल्याचा कारखाना आहे आणि नंतर हात लावलेला प्रत्येक मिस्त्रीही.

कारण ही गाडी उपनगराची आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. भांडुपला लॅम्ब्रेटा जुळत, गोरेगावला १९५८ पासून बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सीट बनू लागली, कांदिवलीला महिंद्रचा कारखाना. आज जिथे टॉवर दिसतात, तिथे पाळी सुटल्याचा भोंगा वाजे. घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत पुढे प्रीमियरच्या कामगारांचे पुढारी झाले. आता कुर्ल्याच्या त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे.

गाडी मात्र कायद्याच्या एका नाजूक वळणावर आली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, जुनी नोंदणी असलेल्यांना मूळ नंबर ठेवता येतो. म्हणजे पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयात आल्या. मान मिळाला याचा आनंदच आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. जी गाडी दूध आणि शाळा आणि दवाखाना करत वाढली, तिला हा मान महागात पडतो. म्हणून माझ्या ओळखीतले बरेच जण ती नोंदणी घेत नाहीत. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून साधीच ठेवतात. मला त्यांचं पटतं.

या रांगेत एक उणीव नेहमी जाणवते. पद्मिनी सर्वांत जास्त चालली ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून, आणि शेवटची नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. घाटावर खासगी गाड्याच येतात. बाहेर मीटर लावलेली, सीटवर रेक्झिनची ठिगळं असलेली, लाखो किलोमीटर झालेली एक तरी टॅक्सी कुणीतरी चालू स्थितीत राखावी आणि रविवारी माळशेजला आणावी. परीक्षकाचं काम माझ्याकडे असलं, तर पहिला क्रमांक मी तिलाच देईन.