चॅनेल फोरचा सिनेमा आणि आपली रद्दी

ब्रिटनच्या चॅनेल फोरचं नाव निघालं की आपल्याकडे ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आठवतो. 2008चा चित्रपट, आठ ऑस्कर. पण एखाद्या टीव्ही वाहिनीनं देशाच्या चित्रपटसंस्कृतीला काय दिलं, हे पुरस्कार मोजून कळत नाही. पोर्ट्समथ विद्यापीठात जस्टिन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली 2010 ते 2014 या काळात, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या साथीनं याच विषयावर झालेलं संशोधन मला मोलाचं वाटतं ते यासाठीच.

चॅनेल फोर 2 नोव्हेंबर 1982 रोजी सुरू झालं आणि पहिल्याच रात्री स्टीफन फ्रिअर्स यांचा ‘वॉल्टर’ दाखवला गेला. चित्रपटांची निवड डेव्हिड रोज यांच्याकडे होती. अडचण अशी, की थिएटरात लागलेला चित्रपट टीव्हीवर यायला तेव्हा साधारण तीन वर्षं थांबावं लागे. त्यामुळे स्वतःच्या पैशानं केलेला चित्रपट थिएटरात सोडायचा की थेट घरोघरी दाखवायचा, हा पेच कायमचा. फ्रिअर्स यांचाच ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ टीव्हीसाठी म्हणून 16 मिलिमीटरवर चित्रित झाला. 1985च्या एडिंबरा महोत्सवात तो गाजला आणि मग थिएटरात गेला. लंडनमधला पाकिस्तानी घरातला तरुण आणि त्याचा गोरा मित्र यांची ही प्रेमकथा. तिच्या पटकथेसाठी हनीफ कुरेशींना ऑस्कर नामांकन मिळालं. एरवी असल्या कथेवर पैसे लावायला कोण धजलं असतं?

या संशोधनाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम मात्र दिसायला रुक्ष आहे. वाहिनी दर आठवड्याला वृत्तपत्रांना माहितीचा गठ्ठा पाठवी: वेळापत्रक, कार्यक्रमांचा परिचय, कलावंतांची नावं. 1982 ते 2002 या काळातले हे गठ्ठे डिजिटल करून शोधता येतील असे केले गेले. निर्मितीइतकाच प्रदर्शनाचाही इतिहास असतो, हे त्यातून उमगतं. 1986मध्ये वाहिनीनं धाडसी परदेशी चित्रपटांवर पडद्याच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण लावला. पहिला मान ‘थेमरॉक’ या फ्रेंच चित्रपटाचा, ज्यात पात्रं कळेल अशी भाषाच बोलत नाहीत. त्रिकोण इशारा म्हणून होता. प्रेक्षक उलट वाढले. याच वाहिनीवर नसरीन मुन्नी कबीर यांच्या ‘मूव्ही महल’ मालिकेनं हिंदी सिनेमा गंभीरपणे मांडला, आणि पुढे कबीर यांनीच लता मंगेशकरांना त्यांच्याच आवाजात बोलतं केलं.

उणीव सांगायची तर, या अभ्यासात वाहिनीच्या आतली माणसं आणि धोरणं ठसठशीत दिसतात. घरी बसून चित्रपट पाहणारा माणूस मात्र धूसर राहतो. वाहिनीनं 1998मध्ये काढलेली स्वतंत्र चित्रपट कंपनी 2002मध्ये आवरती घ्यावी लागली, तेव्हा प्रेक्षकानं नेमकं काय गमावलं, हे मला अधिक वाचायला आवडलं असतं.

आपल्याकडे तर सुरुवातच व्हायची आहे. अमोल पालेकरांच्या ‘बनगरवाडी’मागे दूरदर्शन होतं. रविवारी दुपारी दूरदर्शननं देशभरचे प्रादेशिक चित्रपट घरात आणले. पुढे खासगी मराठी वाहिन्यांनी चित्रपटांवर पैसा लावला. हे सगळं ठाऊक असूनही त्याचा सलग, कागदोपत्री अभ्यास आपण केलेला नाही. वाहिन्यांनी जुनी वेळापत्रकं, पत्रव्यवहार आणि करार रद्दीत न घालता राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा एखाद्या विद्यापीठाकडे सोपवावेत, आणि विद्यापीठांनी ते स्वतःहून मागावेत.