निर्णय झाला, पण नोंद कुठे आहे?

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. ओपन सोर्स प्रकल्पातल्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं कुठे? मेलिंग लिस्टवर, चॅटवर, की गिटहबवर? बहुतेक प्रकल्पांत हा प्रश्न ‘सगळे जिथे आहेत तिथे’ एवढ्यावर मिटतो. माझी टीका नेमकी या उत्तरावर आहे. कारण ‘सगळे’ म्हणजे कोण, हे त्या क्षणी हजर असलेलेच ठरवतात.

आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचंच बघा ना. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर चर्चा होते, पण पुढच्या वर्षी वाद निघाला की पहिला प्रश्न येतो, प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय? अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये हाच दंडक आहे. जे मेलिंग लिस्टवर झालं नाही, ते झालंच नाही असं धरायचं. आणि मतदान साधारणपणे निदान 72 तास खुलं ठेवायचं. 72 तास कशाला? कारण काम करणारे अनेकजण स्वयंसेवक असतात आणि जगभर पसरलेले असतात. कॅलिफोर्नियातली सकाळी दहाची ऑनलाइन बैठक पुण्यात उन्हाळ्यात रात्री साडेदहाला असते, हिवाळ्यात साडेअकराला. दिवसभर नोकरी केलेल्या माणसाने तिथे जागं राहून मत मांडावं ही अपेक्षा समानतेची नाही. मेल त्याची सकाळपर्यंत वाट बघतो. बैठक बघत नाही.

मग मेलिंग लिस्ट हेच उत्तर का? तसंही नाही. लिनक्सची पहिली घोषणा 25 ऑगस्ट 1991 रोजी युजनेटवर झाली, आणि कर्नेलचे पॅच आजही मुख्यतः मेलनेच जातात. सगळं जुनं कुणालाही वाचता येतं, हे मोठं बळ आहे. पण नवख्याचा मेल प्रोग्रॅम ओळी मोडतो, टॅबच्या जागी स्पेस घालतो, आणि पॅच लागतच नाही. म्हणजे कोड बरोबर असूनही माणूस उंबऱ्यावरच अडखळतो.

दुसरा दोष जास्त खोल आहे. 2018 साली पायथनमध्ये पीईपी 572 या प्रस्तावावर, म्हणजे ज्याला पुढे ‘वॉलरस’ म्हणायला लागले त्या चिन्हावर, प्रचंड वाद झाला. प्रस्ताव मंजूर झाला, पण 12 जुलैला ग्विडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. खापर एकट्या मेलिंग लिस्टवर फोडता येणार नाही. पण त्या माध्यमाची रचना बघा. ज्याला मान्य आहे तो गप्प बसतो, ज्याला अमान्य आहे तो लिहितो, आणि तोच आक्षेप दहाजण नव्याने लिहितात. संमती दिसतच नाही, फक्त विरोध दिसतो. तो झेलणारा माणूस थकणारच. पुढे पायथनची चर्चा डिस्कोर्सवर सरकली, आणि निर्णय पाचजणांच्या निवडून आलेल्या स्टिअरिंग कौन्सिलकडे गेले. यातला दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. नुसतं साधन बदलून थकवा जात नाही.

आता चॅटकडे येऊ. मोझिलाने 2019 मध्ये आपलं आयआरसी बंद करायचं ठरवलं. तिथे त्रास देणाऱ्यांना आवरणं कठीण होतं आणि नवख्यांना वापरायला ते अवघड जात होतं. त्यांनी आधी अटी मांडल्या, मग स्लॅक धरून चार पर्याय तपासले आणि मॅट्रिक्स निवडलं. मार्च 2020 मध्ये जुनं बंद झालं. निवड पटो न पटो, हा क्रम योग्य आहे.

बाकीचे बरेच प्रकल्प ‘फुकट आहे, सोपं आहे’ म्हणून थेट स्लॅकवर गेले. तिथल्या मोफत योजनेत आधी शेवटचे 10,000 संदेश दिसायचे. सप्टेंबर 2022 पासून फक्त 90 दिवसांचे दिसू लागले. 2024 मध्ये तर वर्षापेक्षा जुने संदेश कायमचे पुसायला सुरुवात झाली. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. घर तिचं, अटी तिच्या. पण प्रकल्पाची स्मृती भाड्याच्या खोलीत ठेवली कुणी?

आणि खुलं तंत्र असलं की मालकाचा प्रश्न सुटतो असंही नाही. फ्रीनोड हे आयआरसीचं जाळं खुल्या प्रोटोकॉलवरच चालायचं. मे 2021 मध्ये ताब्यावरून वाद झाला, चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट उभं केलं. लिबेराचा नुसता उल्लेख केलेली शेकडो चॅनेल फ्रीनोडने ताब्यात घेतली. तरीही प्रकल्प थोड्या दिवसांत हलू शकले, कारण प्रोग्रॅम तोच होता, फक्त पत्ता बदलायचा होता. खुल्या प्रोटोकॉलचा उपयोग हा असा असतो. तो मालकाला रोखत नाही, पण तुम्हाला सामान घेऊन निघता येतं.

नोंदीची खरी किंमत मार्च 2024 मध्ये दिसली. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात पेरलेली चोरवाट सापडली. लोकांनी जुनी मेलिंग लिस्ट उघडली. 2022 मध्ये काही अनोळखी खाती तिथे एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर दबाव आणत होती. काम संथ चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. हे 90 दिवसांत दिसेनासं होणाऱ्या चॅटवर घडलं असतं, तर तो माग हाती लागला असता का? पण याची दुसरी बाजूही ऐका. ते संदेश दोन वर्षं सगळ्यांसमोर होते. त्या माणसाच्या बाजूने उभं राहायला तेव्हा पुरेसं कुणी आलं नाही. नोंद होती, पण शेजार नव्हता.

म्हणून मी साधनाचं नाव सुचवणार नाही, कामाची वाटणी सुचवेन. मदत, ओळख, गप्पा चॅटवर होऊ द्या. त्यानेच शेजार तयार होतो. निर्णय मात्र कारणांसह अशा जागी लिहा, जिथे लॉगिन न करता वाचता येईल आणि शोधता येईल. आक्षेपांना ठरलेली मुदत द्या. रस्टमध्ये प्रस्तावावर शेवटी दहा दिवसांची मुदत असते. लोक इतरत्र कितीही बोलोत, प्रस्तावाचा मजकूर गिटमध्ये राहतो आणि त्याची प्रत कुणालाही घेता येते. आणि चॅटवरची चर्चा संपली की सारांश कोण लिहिणार, त्याचं नाव आधी ठरवा. ‘कुणीतरी लिहील’ म्हटलं की कुणीच लिहीत नाही.

तुम्ही ज्या प्रकल्पात आहात, तिथला मागच्या वर्षीचा एक मोठा निर्णय आठवा. काल आलेल्या मुलीला तो का झाला, हे कुणालाही न विचारता शोधता येईल का? नसेल, तर कोड खुला असूनही तिच्यासाठी प्रकल्प बंदच आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.