तसबिरीतला फाल्गुनराव

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळा'त सारा अनर्थ एका तसबिरीने होतो, हे जुन्या रसिकांस सांगावयास नको. घरातल्या नव्या मंडळींसाठी मात्र दोन शब्द सांगतो. रेवतीला वाटेत घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते दुरून पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते; ती तिच्या हातात फाल्गुनराव पाहतो. अश्विनशेठलाही आपली तसबीर नको त्या ठिकाणी दिसते आणि तो रेवतीवर रुसतो. या मंडळींत लबाड असा कोणी नाही. जो तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खरेच सांगतो, फक्त प्रत्येकाने अर्धे पाहिलेले असते.

हे नाटक आम्ही घरी, टीव्हीवर पाहिले. साल २०२४, दिवाळीचा पाडवा. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री आमचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले ते पॅलेस थिएटर. जळाले ते केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. देवलांच्याच 'शारदे'ने ज्या कोल्हापूरच्या पोराला नाव मिळवून दिले, त्याच्या नावाचे ते घर. पुढे त्याची पुनर्बांधणी हाती घेतली गेली, परंतु त्या दिवाळीत काळवंडलेल्या भिंतींखेरीज तेथे पाहण्याजोगे काही नव्हते. फराळाच्या वेळी आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "थेटर नाही तर नाही, नाटक तरी दाखवा की!" तेव्हा कपाटातली डीव्हीडी निघाली.

प्रयोग कोणत्या संचाचा ते मुद्दाम सांगत नाही. माझी तक्रार नटांविषयी नाही. नावे घेतली की ती त्यांच्याच माथी बसेल.

आता, ज्या गावातल्या बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले आणि मग स्वतः कॅमेरा तयार करून 'सैरंध्री' काढला, त्या गावात कॅमेऱ्याला नावे ठेवणे शोभत नाही. म्हणून त्याचे देणे आधी मान्य करतो. देवलांचे गद्य इतके स्वच्छ मी नाट्यगृहात कधी ऐकले नव्हते. मागच्या रांगेत बसणाऱ्याला फाल्गुनरावाच्या वाक्यांतली निम्मी मजा हशाखाली गडप झालेली मिळते. येथे प्रत्येक शब्द कानी पडला, आणि या माणसाचा विनोद थट्टेतून येत नसून त्याच्या गांभीर्यातून येतो हे पुन्हा पटले. फाल्गुनराव एकदाही विनोद करीत नाही. तो एखाद्या निष्णात वकिलासारखा पुरावा गोळा करतो, आणि पुरावा जितका भक्कम होतो तितके आपण हसतो. आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकावरून, म्हणजे पर्यायाने मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून ही गोष्ट आपल्याकडे आली. पण पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी ती अशी काही आपलीशी केली की, फाल्गुनराव कधीकाळी परमुलखात राहत होता यावर विश्वास बसू नये.

तक्रार सुरू झाली ती तसबिरीच्या प्रवेशाशी. कृत्तिका ती तसबीर न्याहाळते आहे. मागे फाल्गुनराव येऊन उभा राहतो. या प्रवेशाचा जीव कशात आहे? तिला तो दिसत नाही, त्याला तिच्या मनातले दिसत नाही आणि आपल्याला मात्र दोघेही एकाच वेळी दिसतात, यात आहे. आमच्या टीव्हीवर काय झाले? कृत्तिकेचा मोठा थोरला चेहरा. मग फाल्गुनरावाचा तितकाच मोठा चेहरा. मग तसबीर. पुन्हा कृत्तिका. दोघांमधली ती चार पावलांची जागा, जिच्यात सारा गैरसमज वाढतो, ती कुठेच नाही.

आत्याबाई अस्वस्थ झाल्या. नाटक त्यांना तोंडपाठ. त्या टीव्हीच्या चौकटीबाहेर, शेजारच्या कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, "अरे, तो फाल्गुनराव तिकडं मागं येऊन उभा असणार. त्याला दाखव की!"

"आजी, ते आपल्या हातात नाही," माझा नातू म्हणाला.

"मग कुणाच्या हातात आहे?"

नेमका हाच प्रश्न आहे. नाट्यगृहात कोणाकडे पाहावे हे मी ठरवतो. एक बोलत असतो, तेव्हा मी दुसऱ्याकडे पाहतो. रंगमंचावरील सगळी माणसे अर्धे पाहत असताना पूर्ण पाहणारा तेथे एकटा प्रेक्षक असतो. त्याच मोठेपणातून त्याचे हसू येते. कॅमेरा त्याला त्या आसनावरून उठवतो आणि फाल्गुनरावाच्या शेजारी नेऊन बसवतो. घ्या, तुम्हीही आता तुकडे पाहा आणि अंदाज बांधा! शोकान्त नाटकात हे एखादे वेळी चालून जाईल, नव्हे खुलेलही. दुःखी माणसाचा चेहरा जवळून पाहावासा वाटतो. संशयाच्या विनोदाला मात्र ते मारक आहे. नातू प्रवेश संपल्यावर म्हणाला, "तिनं सरळ सांगून का टाकलं नाही?" नाट्यगृहात हा प्रश्न कोणाला पडत नाही. ती का सांगत नाही हे तेथे त्या दोघांच्या उभे राहण्यातच दिसत असते.

पदांच्या बाबतीत तर अधिकच. मोझार्टच्या 'फिगारो'त अशाच गोंधळाच्या वेळी चारचार, पाचपाच माणसे एकदम गातात; जो तो आपापला संशय आपल्या सुरात मांडतो. आपल्या संगीत नाटकाची रीत निराळी. येथे एकजण गातो, दुसरा ऐकतो, आणि तो ऐकणारा काही रिकामा नसतो. अश्विनशेठ गात असता रेवतीच्या चेहऱ्यावर काय उमटते आहे, हाच त्या पदाचा नाट्यार्थ. चित्रमुद्रणात तान सुरू झाली की कॅमेरा गायकाच्या ओठांवर जाऊन बसतो आणि समेपर्यंत हलत नाही. गाणे उत्तम होते. पण त्या काही मिनिटांपुरते नाटक थांबले आणि मैफल झाली. संगीत नाटकावर हा आरोप नव्या लोकांनी नेहमीच केला आहे; येथे तो कॅमेऱ्यामुळे खरा ठरला, एवढेच.

आणि 'वन्स मोअर'! १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक पदांसह रंगभूमीवर आणले, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला, त्या पिढीपासून 'वन्स मोअर' हा प्रेक्षकांचा हक्क. नटाने तो मानला तर आनंद, न मानला तर कुजबुज. येथे नातवाने बटण दाबले आणि रेवती तेच पद, तीच हरकत, तोच मानेचा झोक घेऊन पुन्हा गायली. आत्याबाईंना ते मुळीच रुचले नाही. "दुसऱ्यांदा गाताना जरा वेगळं गातात रे," त्या म्हणाल्या. मला मात्र, खरे सांगायचे तर, ते आवडले. वय झालेल्या कानाला पहिल्या खेपेस निसटलेली जागा दुसऱ्या खेपेस सापडते, आणि त्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही.

शेवटच्या प्रवेशात सगळी पात्रे जमतात, तसबिरीचा उलगडा होतो. इतकी माणसे चौकटीत मावेनात म्हणून असेल, पण कॅमेरा प्रथमच मागे सरला. अख्खा रंगमंच दिसू लागला. माणसे अंगठ्याएवढी झाली, आवाज थोडा दूर गेला. नातवाने मोबाइल खाली ठेवला. फाल्गुनराव एका टोकाला ओशाळून उभा, दुसऱ्या टोकाला कृत्तिका पदर सावरते आहे, आणि मध्ये बाकीची मंडळी. आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. चकलीचे ताट त्यांनी बाजूला केले आणि नाटक संपेपर्यंत त्या एकदाही कपाटाकडे बोट करून बोलल्या नाहीत.