'श्यामची आई' : दुसरे वाचन आणि दुसरे कथन

अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या कृतीचे पुनर्वाचन आणि तिचे पुनर्कथन या दोन क्रियांचा विचार आपल्या समीक्षेत सहसा वेगवेगळा केला जातो. पहिली ही वाचकाच्या खासगी इतिहासाची बाब समजली जाते, तर दुसरी माध्यमांतराची. पहिलीची दखल आठवणींच्या लेखनात घेतली जाते आणि दुसरीची चित्रपट-नाट्यपरीक्षणांत. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'च्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. या पुस्तकाकडे प्रौढ वयात परतणाऱ्या वाचकांच्या प्रतिक्रिया इतक्या परस्परविरोधी का असतात, याचा शोध घेऊ लागलो की त्याच्या पुनर्कथनांपाशी येऊन थांबावे लागते. आणि पुनर्कथनांविषयीची नाराजी तपासू लागलो की मूळ संहितेच्या रचनेकडे परतावे लागते.

या लेखाचे निमित्त रत्नागिरीतील पदव्युत्तर वर्गातले आहे. संहिता हाती घेण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना 'श्यामची आई'तील जे आठवते ते लिहावयास सांगितले. बहुतेकांच्या कागदावर पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून वस्त्र पसरणारी आई होती, आणि तिच्या जोडीला छडीचे ते प्रसिद्ध गाणे होते. हे गाणे पुस्तकात नाही. ते आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातले आहे. म्हणजे ज्याला आपण मूळ कृतीची स्मृती म्हणतो, ती मूळ कृती, पाठ्यपुस्तकातील उतारे, चित्रपट आणि घरातील कोणीतरी केलेले कथन यांचे मिश्रण असते. पुनर्वाचनाच्या वेळी वाचक प्रत्यक्ष संहितेची तुलना या मिश्रणाशी करतो आणि त्यांतील अंतराला 'पुस्तक जुने झाले' किंवा 'मी बदललो' अशी नावे देतो. या दोन्ही निदानांत तथ्य आहे, पण संहितेने स्वतः काय केले आहे हा प्रश्न त्यांत सुटून जातो.

'श्यामची आई' ही कादंबरी, आत्मकथन की संस्कारकथा, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. प्रकरणांना 'रात्र' हे नाव दिलेले आहे, ही गोष्ट मात्र निर्णायक वाटते. पुस्तकाचा बहुतांश भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिला गेला. १९३५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. त्यात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात दिवसाची कामे आटोपल्यावर मित्र जमतात, श्याम बोलू लागतो, ते ऐकतात, गहिवरतात, कधी प्रश्न विचारतात. वोल्फगांग इझर यांनी १९७२ मध्ये मांडलेली 'गर्भित वाचका'ची संकल्पना आता आपल्या अभ्यासक्रमात रुळली आहे. येथे तो वाचक गर्भित राहतच नाही. तो अंगणात बसलेला आहे, आणि कोणत्या ठिकाणी डोळे पुसावयाचे हे तो आपल्याआधी दाखवून देतो. लहानपणीचे वाचन या मंडळात सहज सामील होते. चाळिशीतला वाचक त्याच अंगणाच्या कडेला उभा राहतो. त्याला गोष्ट ऐकू येते, पण इतरांबरोबर गहिवरणे त्याला दर वेळी साधत नाही. संमिश्र प्रतिक्रियांचे मूळ मला या स्थानबदलात दिसते.

'श्यामचे पोहणे' हा प्रसंग घ्यावा. विहिरीवर जाण्यास भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून घराबाहेर काढते. पहिल्या वाचनात आपण श्यामच्या अंगाने जातो : मार, भीती, विहीर, सुटका आणि शेवटी आईची माया. दुसऱ्या वाचनात काहींना केवळ मार दिसतो, आणि आजच्या बालसंगोपनाच्या कल्पना घेऊन ते आईवर खटला भरतात. माझ्या वर्गातही तो भरला गेला. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला : त्या घरात मुलाला विहिरीपर्यंत हाकलण्याचे काम एकट्या बाईवर का पडते? खटला भरणारे आणि बचाव करणारे असे दोन्ही पक्ष आईच्या चारित्र्याविषयी बोलत होते. हा प्रश्न तिच्या कामाविषयीचा होता. दळण, कांडण, आजारपण, सोवळे, सणवार आणि त्यावर पुन्हा नवऱ्याच्या कर्जाची लाज. हे सारे पुस्तकात ठायी ठायी आहे. श्रोत्यांच्या गहिवरात ते आपल्याला दिसत नाही इतकेच.

मात्र येथे घाई करून चालणार नाही. आईचे कष्ट आपल्याला दिसतात ते कोणाच्या नजरेतून? ते सांगणारा माणूस प्रौढ आहे आणि तो अपराधी आहे. या पुस्तकाचा कणा आदर्श मातेचे चित्रण हा नसून मुलाचा पश्चात्ताप हा आहे, असे माझे मत आहे. अखेरच्या काही रात्री काळजीपूर्वक वाचाव्यात. आई अंथरुणाला खिळते तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर आहे. तिच्या उशाशी सखूमावशी आहे. श्याम पोहोचतो तेव्हा आई उरलेली नाही. 'भस्ममय मूर्ती' हे त्या रात्रीचे नावच पुरेसे बोलके आहे. म्हणजे आईचा शेवटचा आजार, तिचे निरवानिरवीचे बोलणे, हे निवेदकाने पाहिलेलेच नाही. त्याने ते इतरांकडून ऐकले आणि आश्रमातील मित्रांना तो ते पुन्हा सांगतो आहे. ज्या पानांवर मराठी वाचक सर्वाधिक रडला, ती पाने मूळ संहितेतच पुनर्कथन आहेत. गैरहजर मुलगा हजर असल्यासारखा बोलतो आणि त्या बोलण्यात त्याची गैरहजेरी लपत नाही. प्रौढ वाचकाला जी अस्वस्थता जाणवते ती बाहेरून आणलेली नाही. निवेदकाच्या आवाजात ती आधीपासून आहे.

चित्रपटांचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. अत्रे यांचा चित्रपट गुरुजींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी आला आणि १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी पुढील पिढ्यांच्या मनातील पात्रांना चेहरे दिले. चित्रपटाच्या थोरवीविषयी शंका नाही. परंतु कॅमेरा आईला थेट दाखवतो, आणि पुस्तकात ती आपल्याला एकदाही थेट दिसत नाही. पश्चात्तापाच्या पडद्याआडून दिसणारी बाई समोर येऊन उभी राहिली की ती आदर्श होते, आणि आदर्शाची छाननी करण्याचा मोह पुढच्या पिढीला होणे क्रमप्राप्तच आहे. ज्या आईवर आज खटला भरला जातो, ती बव्हंशी पडद्यावरची आई आहे.

सुजय डहाके दिग्दर्शित 'श्यामची आई' नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला; २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. तो कृष्णधवल आहे. १९५३ मध्ये कृष्णधवल हा पर्यायच नव्हता. २०२३ मध्ये तो निर्णय आहे. या निर्णयाने चित्रपट पुस्तकापेक्षाही प्रेक्षकांच्या जुन्या चित्रपट-स्मृतीशी नाते जोडतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यात आदर वाटला, काहींना अंतर. या चित्रपटाने सांगणारा माणूस पडद्यावर परत आणला, हे मला महत्त्वाचे वाटते. ओम भुतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजी येथे आहेत. मात्र हा प्रौढ स्वातंत्र्यलढ्यातला सैनिक आहे. त्यामुळे आईची शिकवण ही देशकार्याची पूर्वतयारी ठरते आणि मुलाचे ऋण जणू फेडले जाते. पुस्तकातला श्याम काहीच फेडू शकत नाही. शिवाय गुरुजींनी स्वतःमध्ये आणि निवेदकामध्ये 'श्याम' हे नाव ठेवले होते. ती फट बुजवली गेली. तरीही पहिल्या चित्रपटापेक्षा हा दुसरा, निदान आपल्या हेतूत, संहितेच्या रचनेच्या अधिक जवळ जातो, असे मी म्हणेन.

येथे पाश्चात्त्य उदाहरण आठवणे स्वाभाविक आहे. जीन ऱ्हिस यांनी १९६६ च्या 'वाइड सारगॅसो सी' या कादंबरीत 'जेन एअर'मधील माळ्यावर कोंडलेल्या स्त्रीला तिचा पूर्वेतिहास दिला. त्या प्रकारचे पुनर्कथन 'श्यामची आई'ला हवे असेल तर ते आईचे नसावे. तिच्यासाठी बेचाळीस रात्री खर्ची पडल्या आहेत. मुकी माणसे दुसरीकडे आहेत. 'देवाला सारी प्रिय' या रात्री मोळी खाली पडलेली महार समाजातील म्हातारी आहे. कोणी तिला हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठवते आणि घरी येऊन आंघोळ करण्यासही सांगते. लहानपणी मला मोळी आठवत असे, आंघोळ नाही. मंडणगडकडील एका विद्यार्थ्याने वर्गात हा भाग मोठ्याने वाचला आणि आंघोळीपाशी थांबून शांतपणे विचारले, "मॅडम, म्हातारीने हे बघितलं असेल का?" बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे, गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यात. दोन्ही गावे एकाच मुलखातली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारे गुरुजी आणि १९३३ मध्ये ती आंघोळ न वगळता लिहिणारे गुरुजी एकच आहेत, हेही मी वर्गात सांगितले. ते सांगताना त्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही, याची जाणीव मला होती. आश्रमाच्या अंगणातील श्रोत्यांत त्या म्हातारीला जागा नव्हती. तो विद्यार्थी तिच्या जागेवरून वाचत होता.

घराण्याच्या खोतीविषयीही असेच म्हणता येईल. वैभव गेले, कर्ज झाले, लिलाव झाला, अब्रू गेली. ही कथा घरातून सांगितली आहे. जे जात होते ते कोणाच्या श्रमावर उभे होते, हा प्रश्न केंद्रस्थानी येत नाही. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते १९३७ मध्ये, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) ही कोणत्याही अर्थाने 'श्यामची आई'चे पुनर्कथन नाही. पण ती वाचून झाल्यावर श्यामच्या घरातील लिलाव पूर्वीसारखा वाचता येत नाही. रूपांतराचा शिक्का नसलेली पुनर्कथनेही वाचकाच्या मनात काम करीत असतात.

माझ्या वाट्याला आलेले पहिले पुनर्कथन माझ्या आईचे होते. ती रात्री मोठ्याने वाचून दाखवीत असे. पुढे विद्यार्थिदशेत मी पुस्तक स्वतः वाचले तेव्हा सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो तो भाग मला सर्वस्वी नवा वाटला. लहानपणी तो मी विसरले असेन, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. या लेखाच्या निमित्ताने आईची जुनी प्रत काढली. तिच्यात नेमक्या त्या पानांची वरची कोपऱ्याची टोके एकत्र दुमडलेली आहेत. म्हणजे ती पाने एकदम उलटता यावीत. त्या वर्षी आमच्या घरावर कर्ज होते, हे मला नंतर कळले. आई आता नाही. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी ती प्रत वर्गात नेली होती; दुमड मात्र उलगडली नाही.