हरवलेला गायक कोणासाठी हरवलेला?

संगीतावरच्या माहितीपटांबद्दल बोलायचं, असं मागच्या खेपेला आपण ठरवलं होतं. विषय अघळपघळ आहे, म्हणून आम्ही तीनच चित्रपट निवडलेत. खरं सांगायचं तर पहिले दोन तिसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठीच आहेत. 'आम्ही' म्हणजे कोण, हेही सांगून टाकतो. महिन्यातून एकदा उसन्या सभागृहात माहितीपट दाखवणारी आम्ही पाच-सहा माणसं. आज बोलायचं काम माझ्याकडे आलंय, पण मतं सगळ्यांची आहेत. भांडून भांडून एकत्र केलेली.

सुरुवात 'सर्चिंग फॉर शुगर मॅन'पासून. मलिक बेंजेलूल यांचा २०१२ चा चित्रपट, त्याला ऑस्कर मिळालं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. डेट्रॉइटमधला रॉड्रिगेझ नावाचा गायक १९७० आणि १९७१ मध्ये दोन तबकड्या काढतो. अमेरिकेत त्या कोणी घेत नाही. गायक बांधकामाच्या कामाला लागतो. तिकडे दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या काळात, त्याची गाणी घराघरांत पोहोचतात. त्याने म्हणे रंगमंचावरच जीव दिला, अशा वावड्या उठतात. मग दोन चाहते शोध घेत निघतात आणि तो जिवंत सापडतो! १९९८ मध्ये तो तिथे जाऊन गातो, समोर हजारो माणसं. पहिल्यांदा पाहताना आमच्यातल्या तिघांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं.

पण चित्रपट एक गोष्ट सांगतच नाही. हाच रॉड्रिगेझ १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता. तिथे त्याचे चाहते होते, कार्यक्रमांना गर्दी होती. हे सांगितलं असतं तर 'जगाला विसर पडलेला माणूस' ही मांडणी जरा ढिली पडली असती. म्हणून ऑस्ट्रेलियाचे श्रोते कापले. गाण्यांचे पैसे कुठे गेले, हा प्रश्नही चित्रपट विचारतो आणि फार पाठपुरावा न करता सोडून देतो. कारण त्याला घाई आहे ती भेटीच्या प्रसंगाची.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, गोष्ट रंगवायला थोडं गाळावं लागतंच. लागतं. पण गाळलं काय ते बघा. गाळले ते ऐकणारे.

विम वेंडर्सचा 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' (१९९९) आम्हाला याहून जवळचा. हवानातले म्हातारे वादक-गायक, त्यांना एकत्र आणणारा अमेरिकन गिटारवादक राय कूडर, आणि शेवटी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल. इब्राहिम फेरेर तेव्हा बूट पॉलिश करून पोट भरत होते. इथेही धागा तोच. विसरले गेलेले कलावंत, बाहेरून आलेला जाणकार, पुन्हा उजेड. पण वेंडर्सच्या कॅमेऱ्याने एक प्रसंग टिपलाय जो या धाग्यालाच खोटं पाडतो. ओमारा पोर्तुओंदो आपल्या शहरातल्या गल्लीतून चालल्यात, चालता चालता गाताहेत, आणि वस्तीतली एक बाई त्यांच्या सुरात सूर मिसळते. शब्द तिला पाठ आहेत. म्हणजे काय? ओमारा हरवल्याच नव्हत्या. क्यूबात त्या नाव कमावलेल्या गायिका होत्या. हरवल्या असतील तर आपल्यासाठी, ज्यांनी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं त्यांच्यासाठी. चित्रपट त्या बाईजवळ थांबत नाही, पुढे जातो. आम्ही मात्र तिथेच अडकून बसलो.

आता तिसरा. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड', २०११ चा. करायला चौदा वर्षं लागली, आणि लांबी जवळजवळ तीन तासांची. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. विलास घोगरे पटवर्धनांच्याच 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटात गायले होते. म्हणजे दिग्दर्शकाला या माणसाचा 'शोध' लागायचा प्रश्नच नव्हता. ओळखीचा माणूस गेला, आणि का गेला हे विचारत कॅमेरा चौदा वर्षं फिरला.

आमच्या मते या चित्रपटाचं मोठेपण इथे आहे, की त्यात शाहीर कधी एकटा दिसत नाही. गाणं सुरू झालं की कॅमेरा गाणाऱ्यावर असतोच, पण तो वळतो आणि समोर बसलेल्यांकडे बघतो. कडेवर मूल घेतलेल्या बाया, पोरं, म्हातारे. त्यांना गाणं नवीन नाही. कुठे हसायचं, कुठे हुंकार द्यायचा, त्यांना ठाऊक आहे. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि तिथून कबीर कला मंचाच्या पोरांपर्यंत हे गाणं अशा माणसांच्या ओठांवर टिकलंय. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला फूटपाथवर कॅसेटी, मग सीड्या, आता पेन ड्राइव्ह विकले जातात. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या किती जणांनी त्या फूटपाथवर वाकून बघितलं असेल? आम्हीही बघितलं ते फार उशिरा.

आणि चित्रपट दुसरी बाजूही दाखवतो. त्याच ६ डिसेंबरच्या गर्दीबद्दल त्याच शहरातली माणसं कॅमेऱ्यासमोर काय काय बोलतात, ते ऐकताना आमच्या सभागृहात खुर्च्या करकरल्या. बोलणारे वाईट वाटत नाहीत. आपल्या मावश्या-काकांसारखे वाटतात, म्हणून तर जास्त लागतं. एकाच गावात एका माणसाचं गाणं हजारोंना पाठ असतं आणि शेजारच्या गल्लीत त्याचं नावही माहीत नसतं. 'हरवलेला गायक' या कल्पनेच्या मुळाशी आमच्याकडे तरी जात आहे. ही गोष्ट हवानाच्या किंवा डेट्रॉइटच्या गोष्टीत जशीच्या तशी बसवता येणार नाही, आणि आम्ही तसं करतही नाही. पण ही एक चाळणी आहे. चित्रपट बघताना ती हातात असावी.

चित्रपटात खोट नाही का? आहे. ती दाखवली आम्हाला एका बाईंनी. आमच्या खेळाला जवळच्या वस्तीतल्या सात-आठ बाया आल्या होत्या. खेळ संपल्यावर नेहमीप्रमाणे आम्ही सुरू झालो. आवाज काय आहे, संकलन काय आहे! तेवढ्यात मागून एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, ते गाणं मधीच का तोडलं? शेवटचं कडवं कुठंय? खरी गोष्ट तर त्यातच हाये."

आम्ही गप्प. आमच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं की गाणं तुटलंय. आम्हाला ते पुरेसं वाटलं होतं, कारण आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

नंतर पुन्हा चित्रपट लावून बघितला. बरीच गाणी मध्येच बोलण्यात विरतात, किंवा पुढच्या प्रसंगाकडे नेणारा पूल होतात. पटवर्धनांची अडचण समजते. गोळीबाराचा तपास, टँकर पेटवला जाणार होता हा पोलिसांचा दावा, कोर्ट, निवडणुका, एवढं सगळं तीन तासांत बसवायचं आहे. तरी शाहिराच्या चित्रपटात शाहिराचं म्हणणं अर्ध्यावर थांबतं आणि चित्रपटाचं म्हणणं पूर्ण होतं, हे नाकारता येत नाही. विलास घोगरेंच्या मृत्यूचंही थोडं तसंच झालंय. शीर्षकातले दोन शब्द, एक निळा आणि एक लाल, यांच्यामधल्या ताणाचं ते उत्तर म्हणून उभं केलं जातं. ताण खरा होता. पण एका माणसाच्या मरणात त्याहून जास्त काही असतं. ते आपल्याला कळणार नाही, हे चित्रपटाने जरा मोकळेपणी कबूल केलं असतं तर आम्हाला आवडलं असतं. यावर आमच्यात एकमत नाही, तेही सांगतो.

शेवटाकडे मात्र चित्रपट आपल्या हातातून निसटतो, आणि तो भाग सर्वांत खरा आहे. पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे गाते, तिची आई बोलते, आणि मग कळतं की ही मुलं भूमिगत झालीत. नक्षलवादी असल्याचा आरोप आहे. दिग्दर्शकाकडे याला शेवट नाही, कारण तेव्हा शेवट झालाच नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. ती गरोदर होती, तिला जूनमध्ये जामीन मिळाला. बाकीच्यांना २०१७ उजाडलं. शुगर मॅनचा चित्रपट टाळ्यांच्या गजरात संपतो, आणि इथे चित्रपट संपल्यावर गाणाऱ्यांचा तुरुंग सुरू होतो. पुढे चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये एका लोकशाहिरावर आरोप ठेवला जातो की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला. बाहेरच्या प्रेक्षकांना ती कल्पना अचाट वाटली असेल. 'जय भीम कॉम्रेड' पाहिलेल्यांना नाही वाटली.

जानेवारी २०१२ मध्ये या चित्रपटाचा खेळ भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला होता. उघड्यावर, वस्तीच्या मध्ये. आम्ही मात्र तो खुर्च्या मांडून दाखवला, वस्तीतल्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि वर चर्चाही आम्हीच केली. त्या ताईंनी निघताना सांगितलं, पुढच्या वेळी तुम्ही आमच्याकडे या.

तर येत्या महिन्यात जातोय. पडदा आणि यंत्र आमचं, सतरंज्या त्यांच्या. चित्रपट कुठे थांबवायचा हे त्या सांगतील, आणि तिथे राहिलेली कडवी त्याच म्हणणार आहेत. तीन तासांचा खेळ पाच तास चालेल असा अंदाज आहे, तेव्हा येणाऱ्यांनी जेवून या.

आता प्रश्न घेऊ. मागे माइक द्या जरा.