पुण्यासारखं दुसरं विद्यापीठ कुठलं? : 'सारखेपणा'ची एक चिकित्सा

(सुरगाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. निकालाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'सर, पुणे विद्यापीठात नंबर लागला नाही, तर पुण्यासारखं दुसरं मोठं सरकारी विद्यापीठ कुठलं?' मग कुणीतरी यादी देतं. मुंबई, कोल्हापूर, बडोदा, हैदराबाद, बनारस. मुलं ती यादी मोबाइलमध्ये जपून ठेवतात आणि त्या यादीवर आयुष्याची दोन-तीन वर्षं लावतात. यादीतली नावं चांगलीच आहेत. मला आज तपासायचा आहे तो 'सारखं' हा शब्द.

सारखं म्हणजे कशात सारखं? नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं सादृश्यावर एक निबंध लिहिला. त्यात विमानतळावरच्या सामानाचं उदाहरण आहे. बघणाऱ्याला पेट्यांचा रंग आणि आकार दिसतो, वैमानिकाला वजनाशी मतलब असतो, आणि प्रवाशाला पेटी कुणाची नि कुठे चालली आहे याच्याशी. कुठल्या दोन पेट्या 'सारख्या' हे तिघं तीन तऱ्हेनं सांगतील, आणि तिघांचंही बरोबर असेल. म्हणजे कशाच्या संदर्भात ते सांगितल्याशिवाय 'सारखं' हा शब्द जवळजवळ रिकामा असतो.

हे आपल्याला नवीन नाही. हळवं आणि गरवं, दोन्ही भातच. पण 'ह्या बियाण्यासारखं दुसरं दे' असं म्हणून कुणी शेतकरी गप्प बसत नाही. किती दिवसांत येतं, पाणी किती लागतं, माझ्या खाचरात चालेल का, हे तो विचारतो. २०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातला जोडा' अशी मागणी केली होती. ती मागणी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मला महत्त्वाची वाटते ती तुलनेची पद्धत. सीमेपलीकडच्या गावात रस्ता आहे, पाणी आहे, दवाखाना आहे, आमच्याकडे काय? अशी मुद्द्यांवर तुलना करणारी माणसं विद्यापीठाची गोष्ट निघाली की मात्र नुसत्या नावावर का थांबतात?

आता 'मोठं' हा शब्द घ्या. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. पुढे शिकवणारे विभाग आले, पण संलग्नतेची चौकट राहिली. पुणे विद्यापीठ १९४९ चं, आणि तेही त्याच चौकटीतलं. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे सुरगाण्यात बसून बीए करणारी मुलगी कागदोपत्री पुणे विद्यापीठाचीच विद्यार्थिनी आहे. तिच्या पदवीवर तेच नाव येणार आहे. तरी ती म्हणते, 'मला पुणे विद्यापीठात जायचंय.' तिचं चुकत नाही. विद्यापीठ हा एक शब्द दोन वस्तूंना चिकटलेला आहे. एक वस्तू म्हणजे तीन जिल्ह्यांत पसरलेली परीक्षेची व्यवस्था. दुसरी म्हणजे गणेशखिंडीतला परिसर, तिथले विभाग, ग्रंथालय, वसतिगृहं. 'मोठं' पहिल्या अर्थानं आहे. मुलांना हवं असतं ते दुसरं. आणि त्या परिसरातले विभाग मुख्यत्वे पदव्युत्तर आहेत. तेव्हा बारावी झालेला मुलगा 'पुणे विद्यापीठ' म्हणतो त्या वेळी त्याच्या मनात बहुतेकदा पुण्यातलं एखादं नावाजलेलं महाविद्यालय असतं. पहिली पसंतीच नीट सांगितलेली नसेल, तर तिच्यासारखी दुसरी शोधणार कशी?

वंशावळीनं पाहिलं तर पुण्याची सख्खी नाती जवळ आहेत. सुरुवातीला पुणे विद्यापीठाकडे बारा जिल्हे होते. त्यातून १९६२ साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निघालं, १९९० साली जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, ज्याला आज बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. विट्गेन्स्टाइन ज्याला कुटुंबसाम्य म्हणतो ते इथे अक्षरशः लागू पडतं. एकाचं नाक, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा आवाज. सगळ्यांत समान असं एकही लक्षण नाही, तरी घराणं ओळखू येतं. पुण्यात भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. ती चाल कोल्हापुरातही सापडेल. जळगावकडे धुळे आणि नंदुरबार जिल्हे आहेत, म्हणजे तिथल्या वर्गात पाड्यावरून आलेली मुलं तुम्हाला भेटतील. वर्गात आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी असणं ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत, पण पहिल्या सहा महिन्यांत मूल टिकतं की परत येतं ते पुष्कळदा तिच्यावर ठरतं.

आता यादीतली दोन लांबची नावं तपासू. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तेही १९४९ चं, तेही राज्याचं, मोठं, नावाजलेलं. कागदावर पुण्याचा जुळा भाऊ. पण रचना वेगळी : ते जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालयं संलग्न करणारं विद्यापीठ नाही, एकाच शहरात शिकवणारं विद्यापीठ आहे. अध्यापनाचं माध्यम इंग्रजी. इथपर्यंत ठीक. पुढचा मुद्दा यादी देणारा सांगत नाही. अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यवार असते. मूळच्या आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थ्याचं मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं होतं. १९९० साली निकाल लागला : एका राज्यात अनुसूचित असलेली जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपोआप तिथली अनुसूचित जमात ठरत नाही. म्हणजे बघा, कोकणा समाज सीमेच्या अलीकडे आहे, पलीकडे डांगातही आहे. बोली एक, सोयरीक एक. पण महाराष्ट्राचा दाखला घेऊन गुजरातच्या राज्य विद्यापीठात राखीव जागा मागता येत नाही.

हैदराबादचं विद्यापीठ १९७४ चं, अंतरानं कितीतरी लांब. पण ते केंद्रीय आहे. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा आहेत आणि तिथे तुमचा महाराष्ट्राचा दाखला चालतो. बनारसचंही तसंच. नकाशावर जवळचं विद्यापीठ हक्काच्या दृष्टीनं लांबचं, आणि लांबचं ते जवळचं. 'सरकारी' हा एकच शब्द दोघांना लावला की हा फरक पुसला जातो. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा आहे, ती मराठीतून देता येते. पण परीक्षा मराठीतून झाली म्हणून वर्ग मराठीतून भरत नाही. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी, आणि विद्यापीठात एकदम इंग्रजी किंवा हिंदी; तिसऱ्या पायरीवर हात धरायला तिथे कोण आहे, हे विचारल्याशिवाय अर्ज भरू नका.

पैशाचंही तेच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याची 'स्वयं' योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते, लहान शहरांसाठी त्याहून कमी. महिन्याला ५,००० रुपये पडतात. पुण्यात खोली, जेवण, बसभाडं, पुस्तकं एवढ्यात कशी बसवायची, याचा हिशोब इथल्या आयांना माझ्यापेक्षा चांगला येतो.

कुणी म्हणेल, सर, या सगळ्यासाठीच तर सरकारनं क्रमवारी काढली आहे. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी २०१६ पासून येते. २०२४ मध्ये तिच्यात राज्य विद्यापीठांचा वेगळा गट झाला आणि त्यात पुणे तिसरं आलं. पहिली दोन अण्णा विद्यापीठ आणि जादवपूर. मग चेन्नई आणि कोलकाता 'पुण्यासारखी' झाली का? क्रमांक शेजारी असला म्हणजे वस्तू सारख्या होत नाहीत. आणि गुण कसे देतात ते पाहा. अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. समावेशकतेत स्त्रिया आहेत, दुर्बल घटक आहेत, दिव्यांगांच्या सोयी आहेत, हे मान्य. पण त्यात प्रादेशिक विविधता नावाचा जो भाग आहे तो परराज्यातले आणि परदेशातले विद्यार्थी मोजतो. दिल्लीहून विमानानं पुण्यात आलेला मुलगा विविधतेत धरला जातो. सुरगाण्याहून तीनशे किलोमीटर एसटीनं गेलेली मुलगी त्या रकान्यात शून्य, कारण तीही महाराष्ट्राची! माझ्या मते या दोघांपैकी जास्त अंतर तिनं तोडलेलं आहे. क्रमवारी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ग्रंथालय, शिक्षकसंख्या, संशोधन याबद्दल ती काही सांगते, आणि गावात विचारायला कुणीच नसेल तर तेवढाही आधार मोठा. मात्र कुणाच्या गरजेवरून मोजायचं, हे तिनं आधीच ठरवलेलं आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या न्यायदर्शनात 'उपमान' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे. उदाहरण प्रसिद्ध आहे. गावातल्या माणसाला गवय म्हणजे रानगाय माहीत नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, की ती गाईसारखी असते. पुढे तो रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो. इथे दोन अटी आहेत. सांगणाऱ्यानं रानगाय स्वतः पाहिलेली हवी, म्हणजे तो आप्त हवा. आणि ऐकणाऱ्याला गाय माहीत हवी.

आपल्या मुलांचा प्रवास उलटा आहे, रानाकडून शहराकडे. पण अडचण तेवढीच नाही. 'कोल्हापूर पुण्यासारखं आहे' असं आपण त्यांना सांगतो तेव्हा दोन्ही अटी मोडतात. सांगणारा बहुधा कोल्हापुरात राहिलेला नसतो. आणि ऐकणाऱ्यानं पुणेही पाहिलेलं नसतं! न पाहिलेल्या रानगाईची ओळख न पाहिलेल्या गाईवरून करून देतो आपण.

तुमची ओळखीची गाय पुणे नाही. ती इथलं महाविद्यालय आहे, आश्रमशाळा आहे, तालुक्याचं वसतिगृह आहे. तुलना तिथून सुरू करा. इथे तुम्ही कशामुळे शिकलात? एखाद्या शिक्षिकेनं वेळ दिला म्हणून, मैत्रिणी सोबत होत्या म्हणून, प्रयोगशाळा उघडी मिळाली म्हणून? आणि कशामुळे अडलात? हे दोन्ही कागदावर लिहा आणि मग प्रत्येक विद्यापीठाला तेच प्रश्न विचारा : माझ्या विषयाचा विभाग तिथे आहे का, वसतिगृहाची जागा मिळेल का, दाखला चालेल का, भाषेसाठी मदत आहे का, माझ्या भागातलं कुणी तिथे आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आधी त्याला फोन करा. न्यायशास्त्राच्या भाषेत तो तुमचा आप्त आहे. त्यानं रानगाय पाहिली आहे.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयातून बाहेर गेलेली मुलं कुठे गेली, कुठे टिकली, कुठून परत आली आणि का, याची एक वही ठेवा. दहा वर्षांची अशी वही या तालुक्याला कुठल्याही राष्ट्रीय क्रमवारीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. परत आलेल्या मुलाला 'हा टिकला नाही' असं म्हणून सोडून देऊ नका. काय पाहिलं ते त्याला विचारा, आणि लिहून ठेवा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, आणि आधी विद्यार्थ्यांचे घेऊ.