दिनू लिपात्ती : कथा आणि कान

काही कलावंत असे असतात की त्यांची कला आपल्या कानी पडण्याआधी त्यांची कथा येऊन दारात उभी राहते. दिनू लिपात्ती हा रुमानियन पियानोवादक त्यांपैकीच एक. माझी आणि त्याची पहिली भेट झाली ती 1974 च्या दिवाळीत, गिरगावातल्या एका स्नेह्यांच्या घरी. फराळाच्या बश्या उचलल्या गेल्या, तबकडीवरची धूळ मखमलीच्या तुकड्याने टिपली गेली, आणि सुई टेकवण्यापूर्वी यजमान म्हणाले, "आधी एक गोष्ट ऐका, मग वादन."

गोष्ट अशी. 1950 च्या सप्टेंबरची 16 तारीख. फ्रान्समधल्या बझांसाँ या गावी संगीतमहोत्सव चालू आहे. तेहतीस वर्षांचा लिपात्ती हॉजकिनच्या दुखण्याने पार खंगलेला. डॉक्टरांनी जाऊ नका म्हणून विनवलेले. तरी शब्द दिला आहे म्हणून तो येतो. बाखची पार्टिटा, मोझार्टचा सोनाटा, शूबर्टचे दोन इंप्रॉम्प्टू एवढे वाजवून होते. मग शोपँचे चौदा वॉल्ट्झ एकामागून एक. तेरा होतात. चौदाव्यासाठी बळ उरत नाही. तो थांबतो, आणि त्याऐवजी बाखचे एक प्रार्थनागीत पियानोवर वाजवून मैफल संपवतो. अडीच महिन्यांनी, 2 डिसेंबरला, जिनिव्हात त्याचा अंत होतो.

ही कथा खरी आहे. तिच्यात कुणाला पदरचे काही घालावे लागत नाही. आणि अडचण आहे ती नेमकी तिथेच. त्या संध्याकाळी यजमानांनी लावली ती शोपँच्या पहिल्या, म्हणजे ई मायनर कॉन्चेर्टोची तबकडी. लंडनहून मुद्दाम मागवलेली. वेष्टनावर लिपात्तीचे नाव होते. मधला संथ भाग सुरू झाला आणि खोलीत कुणी हलेना. तो संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "मरण समोर दिसल्याखेरीज असा सूर लागत नाही." मी जोराने मान डोलावली. नुसती मान डोलावून थांबलो नाही. पुढे कितीतरी वर्षे हेच वाक्य माझे म्हणून चारचौघांत ऐकवीत राहिलो.

मग 1981 साल उजाडले. ही तबकडी बी.बी.सी. वरून ऐकवली गेली आणि एका चाणाक्ष श्रोत्याच्या ध्यानात आले की हे वादन आपण दुसऱ्या एका तबकडीवर ऐकलेले आहे. तपास झाला. वादन लिपात्तीचे नव्हतेच! ते होते हॅलिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश वादिकेचे. 1949 साली वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेत पहिले पारितोषिक वाटून घेणाऱ्या दोघींपैकी ही एक. चांगली ठणठणीत बाई. कुणाचे तरी मुद्रण कुणाच्या तरी नावावर गेले होते आणि कितीएक वर्षे जगभरचे रसिक त्यावर डोळे पुशीत होते. त्या रसिकांत मीही होतो.

यात त्या वादिकेला उणेपणा काहीच नाही. उलट, तिचे वादन सुंदर होते म्हणूनच ते खपून गेले. उणेपणा होता तो आमच्या ऐकण्यात. आम्ही सूर ऐकलेच नव्हते. आम्ही गोष्ट ऐकली होती आणि ती सुरांवर चढवली होती. ही गोष्ट मला फार लागली. मग मी स्वतःलाच एक शिक्षा ठरवून घेतली : लिपात्तीच्या सगळ्या तबकड्या पुन्हा पहिल्यापासून ऐकायच्या, आणि त्या ऐकताना बझांसाँ मनात आणायचे नाही. प्रश्न एकच. कथा काढून घेतली तर हा वादक उरतो का?

'सगळ्या तबकड्या' म्हणजे तरी किती? एका लहानशा खोक्यात मावतील एवढ्या. दिवाळीच्या चार दिवसांत, पाहुणे आणि फराळ सांभाळूनही, त्या ऐकून होतात. आयुष्यच तेवढे होते. 1917 साली बुखारेस्टला जन्म. वडील हौशी व्हायोलिनवादक, आई पियानो वाजवणारी. आणि धर्मपिता कोण, तर थोर व्हायोलिनवादक व रचनाकार जॉर्जे एनेस्कू, ज्याला आपण येहुदी मेन्युहिनचा गुरू म्हणून ओळखतो. 1933 साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत या मुलाला दुसरे बक्षीस मिळाले, तेव्हा परीक्षकांपैकी आल्फ्रेड कोर्तो यांनी निषेध म्हणून परीक्षकपद सोडले. पुढे पॅरिसला कोर्तो आणि नादिया बूलांझे यांच्यापाशी शिक्षण, 1943 मध्ये युद्धाच्या धामधुमीत मायदेश सोडून जिनिव्हात वास्तव्य, आणि 1946 मध्ये लंडनच्या कोलंबिया कंपनीशी करार. नाव घेण्याजोगी बहुतेक मुद्रणे त्यानंतरच्या चार वर्षांतली आहेत, आणि तीही दुखण्यातून उसंत मिळेल तशी केलेली.

आता थोडे वाद्याविषयी, कारण ते ध्यानी घेतल्याखेरीज लिपात्तीचे मोठेपण कळायचे नाही. आपल्या पेटीत भात्याने हवा पुरवावी तोवर सूर टिकतो. पियानोचे तसे नाही. पट्टी दाबली की आत हातोडी उडते, तारेवर आघात करते आणि लगेच मागे येते. आघात झाल्या क्षणापासून तो सूर मावळू लागतो. वादकाला तो फुगवता येत नाही, वळवता येत नाही, मींड तर नाहीच नाही. म्हणजे पियानोवर 'गाणे' ही वस्तुतः अशक्य गोष्ट. ती शक्य झाल्याचा भास निर्माण करावा लागतो. कसा? पहिला सूर मावळत मावळत जिथवर आला असेल, बरोबर तेवढ्याच वजनाने दुसरा सूर त्याला जोडायचा. वजन जरा जास्त पडले की ठोका ऐकू येतो. कमी पडले की माळ तुटते. हे तोलणे क्षणाक्षणाला, दहा बोटांनी, आणि प्रत्येक बोटाचे माप वेगळे ठेवून.

लिपात्तीने वाजवलेली बाखची बी फ्लॅट पार्टिटा ऐकावी. 1950 च्या जुलैत जिनिव्हात मुद्रित झालेली. सुरुवातीच्या प्रेल्यूडमध्ये वरचा स्वर एक वाक्य बोलतो, तेच वाक्य खालचा स्वर उचलतो, आणि मधला एक आवाज आपल्या वाटेने चाललेला असतो. पुष्कळ वादक वरच्या स्वराला पुढे आणतात आणि बाकीच्यांना मागे लोटतात. लिपात्तीकडे तिघेही एकाच ओसरीवर बसून बोलत आहेत. कुणी कुणाला तोडीत नाही आणि तरी प्रत्येकाचे बोलणे स्वच्छ कळते. शेवटच्या जिगमध्ये डावा हात उजव्यावरून उड्या घेत असतो. तिथे कसरत दिसावी असा मोह वादकाला होतोच. इथे कसरत दिसत नाही, खेळ दिसतो. मरणाची छाया मी या मुद्रणात पुष्कळदा शोधली. मला सापडली नाही.

त्याच दिवसांतला मोझार्टचा ए मायनर सोनाटा. हा सोनाटाही कथेच्या तावडीत सापडलेला. मोझार्टने तो 1778 मध्ये पॅरिसला लिहिला आणि त्याच उन्हाळ्यात तिथेच त्याची आई वारली. तेव्हापासून या सोनाट्यात लोक अश्रू मोजत आले. लिपात्ती अश्रू मोजत नाही. पहिल्या भागातले डाव्या हाताचे ठोके तो ताठ मानेने, सम न चुकवता देतो आणि वरची ओळ त्यावर जराही न विरघळता उभी राहते. दुःख असेल तर ते त्या ताठपणातच आहे. घरात मोठा प्रसंग घडला असताना एखादी बाई डोळ्यांत पाणी न आणता आल्यागेल्याची विचारपूस करीत असते; ते पाहताना पोटात जसे कालवते, तसे काहीसे हे वादन ऐकताना होते.

मात्र लिपात्ती म्हणजे शांत, सोशिक संतपुरुष, अशी जी मूर्ती कथेने घडवली आहे ती फोडायची असेल तर 1948 मधली एक छोटी तबकडी पुरेशी आहे : राव्हेलची 'आल्बोरादा देल ग्रासिओसो', म्हणजे विदूषकाची प्रभातगीते. एकाच पट्टीवर बोटे बदलून बदलून मशिनगनसारखा वर्षाव, मध्येच पट्ट्यांवरून सरकत जाणाऱ्या दुहेरी सुरांच्या लाटा, आणि सगळ्यात मिस्कील, तिखट, स्पॅनिश उन्मेष. हा संत नव्हे. हा हातात वीज खेळवणारा तरुण आहे, आणि आपल्याला काय येते हे त्याला पक्के ठाऊक आहे.

दुसरी मूर्तिभंजक तबकडी 1943 ची, बुखारेस्टची. एनेस्कूचा तिसरा व्हायोलिन सोनाटा; व्हायोलिनवर खुद्द एनेस्कू, पियानोवर लिपात्ती. रुमानियन लोकसंगीताच्या ढंगाने रचलेली ही कृती. व्हायोलिन सुरांच्या मधल्या जागा धुंडाळते, घसरते, हरकती घेते. आपल्या कानांना तिथे अकस्मात घरचे काही भेटते. आणि पियानो तिकडच्या चिंबालोमची, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या, आपल्या संतूरच्या नात्यातल्या वाद्याची नक्कल करीत राहतो. मावळत्या सुराचा पियानो इथे मावळतेपणाचेच सोने करतो. आवाज खरखरीत आहे, पण दहा मिनिटांत कान त्याला सरावतो.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. नाहीतर मी पुन्हा भक्तांच्या रांगेत जाऊन बसेन. या वारशात बीथोव्हन नाही. 'एंपरर' कॉन्चेर्टोसाठी त्याने चार वर्षांची मुदत मागितली होती, असे त्याच्या मुद्रणांचे सूत्रधार वॉल्टर लेग यांनी लिहून ठेवले आहे. काळाने ती दिली नाही. शूबर्टचा एकही मोठा सोनाटा नाही. कारायानबरोबरचा 1948 चा शूमान कॉन्चेर्टो मला अजूनही थोडा घाईचा आणि बाहेरून चकचकीत वाटतो. वाद्यवृंद आणि वादक एकाच घरात राहतात, पण एका ताटात जेवत नाहीत. त्या मानाने आल्चेओ गालियेराबरोबरचा 1947 चा ग्रीग कितीतरी मोकळा. आणि परिपूर्णतेचा ध्यास हेही एक बंधनच असते. कधी कधी वाटते, या माणसाने एखादी चूक करावी. त्या चुकीतून कदाचित आणखी एक दार उघडले असते.

तो हरवलेला कॉन्चेर्टो? खरा लिपात्तीही पुढे सापडला : 7 फेब्रुवारी 1950 रोजी झूरिकला, ओटो आकरमानच्या संचालनाखाली झालेल्या मैफलीतला. ध्वनी बेताचा आहे, पण संथ भागात हळवेपणा औषधालाही नाही. डावा हात ठेक्यासारखा स्थिर आणि त्यावर उजवा हात किंचित मागे रेंगाळून वेळेवर घरी परतणारा. शोपँ आपल्या शिष्यांना हेच सांगत असे : डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने डगमगता कामा नये. गिरगावातल्या त्या संध्याकाळी आम्ही ज्याला मृत्यूचा सूर म्हणत होतो, त्याहून हा सूर कितीतरी निरोगी आहे!

मग बझांसाँचे काय करायचे? ती मैफलही मुद्रित झाली आहे आणि मी ती आता ऐकतो. पण सर्वांत शेवटी. तिच्यात बाख सुरू होण्यापूर्वी लिपात्ती बी फ्लॅटचे सूर पियानोभर एकदा फिरवतो. गवई तंबोरा लागला की नाही ते पाहतो, तसे. मला त्या अर्ध्या मिनिटाचे मोल फार वाटते. ज्याला आपण निरोप घ्यायला आलेला माणूस समजतो, तो तिथे काम करायला आलेला आहे आणि आधी हत्यार तपासून पाहतो आहे. वॉल्ट्झ कुठे कुठे धाप लागल्यासारखे पुढे जातात, हे खरे. जुलैतल्या मुद्रणाशी ताडून पाहिले की ते कळते. तरी हात हिशेब सोडत नाही.

कथा खोटी नाही, टाकून देण्याजोगीही नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. तिथे आपल्या हाती फक्त कथाच उरल्या आणि त्याच आपण जपतो. पण जिथे सूर शिल्लक आहे तिथे कथेने मागच्या बाकावर बसावे. लिपात्तीचे दुखणे आपल्याला एवढेच सांगते की तबकड्या इतक्या थोड्या का. त्या इतक्या चांगल्या का, याचे उत्तर दुखण्यात नाही. ते त्या मावळत्या सुराला बरोबर मापाचा दुसरा सूर जोडण्यात आहे, आणि ती मेहनत दुखणे येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

आणखी एक सांगून थांबतो. बझांसाँला जो चौदावा वॉल्ट्झ वाजला नाही, तो ए फ्लॅटमधला, ओपस 34 मधला पहिला. तो हरवलेला नाही. नेमक्या दोन महिन्यांपूर्वी, जुलैत, कॉर्टिसोन या तेव्हा नव्यानेच आलेल्या औषधाने थोडी उभारी दिली होती. त्या दिवसांत जिनिव्हात लिपात्तीने चौदाच्या चौदा वॉल्ट्झ मुद्रित केले. क्रम त्याने स्वतःच्या पसंतीने लावला, आणि हा ठेवला शेवटी. गोष्ट सांगणारी मंडळी तो न वाजल्याचे सांगतात. वाजलेला ऐकवीत नाहीत. दिवे लागलेल्या मोठ्या दिवाणखान्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हावी, तसा तो सुरू होतो, आणि गिरकी घेत घेत भरजरी थाटात संपतो.

हल्ली दिवाळीत नातवंडे जमली की मी लिपात्ती लावतो तो इथून. कोण वाजवतो आहे, त्याचे पुढे काय झाले, हे आधी सांगत नाही. गेल्या वर्षी धाकटी नात पुरणाचा हात तसाच धरून दारात उभी राहिली आणि संपल्यावर म्हणाली, "आजोबा, परत लावा ना." मी परत लावला. गोष्ट तिने अजून विचारलेली नाही.